नख अडलं तर गॅरेज

चौबळांकडे गाडी नव्हती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. गाडी नव्हती, स्कूटर नव्हती, सायकलवरही मी त्यांना कधी पाहिलं नाही. गाडी चालवता येत नव्हती आणि शिकायची इच्छा त्यांनी कधी दाखवली नाही. तरीही नवीन पनवेलमधल्या आमच्या चार मजली सोसायटीत कोणाच्या गाडीवर कुठे ओरखडा आहे, कोणाचा रंग कुठे उडालाय, कावळ्याने कोणाला प्रसाद दिलाय, याचा अधिकृत खुलासा फक्त चौबळ करायचे. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिलेत. या माणसाकडे उंटसुद्धा नव्हता.

माझं घर तळमजल्यावर आणि स्वयंपाकघराची खिडकी थेट पार्किंगमध्ये उघडणारी. त्यामुळे पोळ्या लाटता लाटता दहाएक वर्षं मला चौबळ बघावे लागले. हौस म्हणून नाही. खिडकी बंद केली तर फोडणीचा धूर कुठे जाणार?

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास आमच्याकडे घराघरात गाड्या यायला लागल्या आणि त्याच वेळी चौबळ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. हा योग सोसायटीला फार महाग पडला. लग्न केलेलं नव्हतं, पहिल्या मजल्यावर एकटे राहायचे, आणि दिवसभर डोकं खायला घरात माणूस नाही म्हटल्यावर ते सकाळी सातलाच खाली उतरायचे. अंगात इस्त्रीचा शर्ट, खाली लेंगा, खिशातून बाहेर डोकावणारा पिवळा फडका. हातात बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा. त्यात खोबरेल, रॉकेलची बाटली, टूथपेस्टची ट्यूब, कापूस आणि फाटक्या बनियनचे तुकडे. करंगळीचं नख वाढवणारे पुरुष मी पाहिले होते. चौबळांनी उजव्या हाताच्या तर्जनीचं नख राखलं होतं, आणि ते कानशीने घासून गोलसर केलेलं असायचं. ते नख ते प्रत्येक गाडीवरच्या प्रत्येक ओरखड्यावरून आडवं फिरवायचे. डोळे मिटून. जणू वैद्य नाडी बघतोय.

मग निदान व्हायचं. "नख अडलं तर गॅरेज, नाही अडलं तर चौबळ."

हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल याची गणती नाही. त्याचा अर्थ एवढाच की ओरखडा खोल असेल तर नख त्यात अडकतं, मग तिथे रंगच भरावा लागतो. वरवरचा असेल तर घासून जातो. आता यात वेदवाक्य म्हणावं असं काय होतं? पण ते असे म्हणायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, धरणच बांधून झालं.

आमच्या ह्यांच्याकडे तेव्हा स्कूटर होती. तिच्यावर ओरखडेच ओरखडे. मी एकदा सहज म्हटलं, "चौबळ, हिलाही जरा नख लावा की." त्यांनी स्कूटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "वहिनी, स्कूटरच्या रंगाला मी रंग म्हणत नाही." आणि गेले पुढे. तेव्हापासून माझ्या मनातून हा माणूस जो उतरला तो उतरलाच.

विचारून हात लावायचा ही पद्धत त्यांच्या गावी नव्हती. विचुंब्याच्या गणेश म्हात्रेने जमीन बिल्डरला दिली, आमच्या सोसायटीत फ्लॅट घेतला आणि काळीकुळकुळीत मोठी जीप आणली. तिच्या दारावर बारीक ओरखडा दिसताच चौबळांनी अख्ख्या दाराला टूथपेस्ट चोळली. ओरखडा गेला, नाही असं नाही. पण पेस्ट दाराच्या फटीत, हँडलच्या खाली, रबराच्या पट्टीत जाऊन सुकून बसली. काळ्या गाडीला पांढऱ्या कडा. गणेश खाली आला, गाडीचा वास घेतला आणि म्हणाला, "काका, गारीचं दात घासलं काय तुमी?"

"दिसतोय का ओरखडा? सांग ना, दिसतोय?" चौबळ.

"ओरखडा नाय दिसत. बाकी गारी पन नाय दिसत. हात नका लावू परत, सांगून ठेवतो. आमचं आमी बगू."

दुसऱ्याला असं कोणी तोंडावर म्हटलं असतं तर तो चार दिवस खाली आला नसता. चौबळ दुसऱ्या दिवशी सातला हजर. मला म्हणाले, "शिकलेली नाहीत ना ही माणसं, फिनिशिंग कळत नाही त्यांना." गणेशने मला कधी त्रास दिला नाही, उलट पावसाळ्यात माझा गॅस सिलिंडर उचलून आत आणून द्यायचा. त्यामुळे मला ते वाक्य फार लागलं.

पण दसऱ्याला जे झालं त्यापुढे टूथपेस्ट काहीच नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या पाटीलबाईंची पांढरी गाडी. सकाळी पूजा झाली, झेंडूचा हार घातला, बॉनेटवर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं. आता पांढऱ्या रंगावर ओलं कुंकू रात्रभर राहिलं तर गुलाबी डाग धरतं, हे खरं आहे. चौबळांच्या दृष्टीने तो 'बाहेरचा रंग' होता, आणि बाहेरचा रंग काढणं हे त्यांचं कर्तव्य होतं. सोनं वाटायला सगळे एकमेकांच्या घरी गेलेले असताना त्यांनी कापसाला खोबरेल लावून ते स्वस्तिक पुसून काढलं. अगदी स्वच्छ. पाटीलबाई खाली आल्या तेव्हा चौबळ कापसाचे लाल बोळे हातात घेऊन शाबासकीची वाट बघत उभे.

दसऱ्याच्या दिवशी, सवाष्णीच्या गाडीचं, कुंकू, पुसलं! त्या बाईने जो काही उद्धार केला तो मला इथे लिहिता येणार नाही. "मेल्या, लग्न केलं नाहीस तर कुंकू म्हणजे काय ते कळत नाही तुला?" हे त्यातलं सगळ्यात सौम्य. पुढच्याच आठवड्यात पाटीलसाहेबांचा पाय घसरून घोटा मुरगळला आणि त्याचं खापर कोणावर फुटलं हे सांगायला नकोच. चौबळांचं म्हणणं एकच, "पण डाग पडला असता, वहिनी." घोट्याची चौकशीसुद्धा केली नाही.

अशा माणसाला सोसायटीत एकजण मानायचा. एकच. ते म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे आपटेकर.

आपटेकर बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले ज्यू. मूळ घराणं पाताळगंगेकाठच्या आपट्याचं, पूर्वज तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी तो बंद ठेवायचे. स्वतः आपटेकरांनी जन्मभर हिशेबनीस म्हणून नोकरी केली, पण शनिवार त्यांनीही पाळला. शनिवारी गाडीला हात लावायचा नाही. पनवेल गावातल्या प्रार्थनालयात जायचं ते चालत, आणि यायचं तेही चालत. बोलणं कमी. एस्तेरबाई, त्यांच्या पत्नी, माझ्याकडून कढीपत्ता न्यायच्या आणि पोहे-खोबऱ्याचा त्यांचा तो गोड मालिदा आणून द्यायच्या. अतिशय भली माणसं. या भल्या माणसांना चौबळ कसे सोसवत होते ते मला कधी कळलं नाही.

सुरुवात पिवळ्या पट्ट्यापासून झाली. हायवेचं रुंदीकरण चालू होतं आणि कोणीतरी नुकताच पिवळा पट्टा मारलेला, अजून ओला. त्यावरून आपटेकरांची गडद निळी गाडी गेली आणि एका बाजूला खालपासून दारापर्यंत पिवळे शिंतोडे उडाले. आपटेकरांनी स्वतःहून चौबळांना बोलावलं आणि किल्ली हातात ठेवली. किल्लीची काही गरज नव्हती, डाग बाहेरच होते. पण चौबळांच्या हातात कोणी आपली किल्ली ठेवण्याची ती पहिली वेळ. दोन दिवस ते चाकाशी उकिडवे बसून रॉकेलचा बोळा धरून एकेक शिंतोडा भिजवत होते आणि नखाने अलगद उचलत होते. खोटं कशाला बोलू, गाडी नव्यासारखी झाली. त्या दिवसापासून आपटेकर संध्याकाळी खाली येऊन त्यांच्याशी पाच-दहा मिनिटं बोलायला लागले, आणि चौबळ सगळ्यांना सांगत सुटले, "आपटेकर माझ्याशिवाय कोणाचा हात लागू देत नाहीत." दुसरा कोण लावायला बसला होता?

आता हसायला येतं, पण तेव्हाही मला दिसत होतं की या माणसाकडे अभिमान धरावा असं जगात एवढंच आहे. एक माणूस आपल्यावर भरवसा ठेवतो. बाकी सगळं तोंडाची वाफ.

मग आपटेकरांचं जायचं ठरलं. मुलगी इस्रायलमध्ये, नातवंडं तिकडे, एस्तेरबाईंचे गुडघे गेलेले. घर विकलं गेलं, सामान वाटून झालं, राहिली गाडी. खारघरचे एक डॉक्टर ती घ्यायला तयार झाले, कारण गाडीवर म्हणे एक ओरखडा नाही. डॉक्टर रविवारी गाडी न्यायला येणार होते आणि मंगळवारी आपटेकरांचं विमान.

आणि नेमकी त्याच वेळी आमची इमारत रंगवायला काढली होती. दिवाळी तोंडावर आलेली. परांचीवरून बदामी रंग मारणं चालू होतं. शुक्रवारी दुपारी वारा सुटला आणि निळ्या गाडीच्या टपावर, बॉनेटवर, काचेवर तांदळाच्या कण्यांएवढे बदामी ठिपके बसले. शेकडोंनी.

संध्याकाळी आपटेकर खाली आले. दिवेलागणीपासून त्यांचा शनिवार सुरू व्हायचा, म्हणून घाईत होते. "चौबळ, उद्या मी हात लावणार नाही. परवा डॉक्टर येणार. तुम्ही आहात म्हणून निश्चिंत आहे." एवढंच बोलले. मी खिडकीत होते, मी ऐकलं. चौबळ दोन्ही हातांनी शर्ट खाली ओढत राहिले.

रॉकेल, कापूस आणि नख. हा माणूस एवढ्यावर थांबला असता तर हे लिहायची वेळ आली नसती. पण थांबतील ते चौबळ कसले! महिन्यापूर्वी त्यांनी भाच्याच्या घरी कॉम्प्युटरवर काहीतरी पाहिलं होतं. एक गोरा माणूस ओला मातीचा गोळा गाडीवरून फिरवतो आणि रंगाचे ठिपके गोळ्याला चिकटून येतात, असं काहीसं. भाच्याच्या कॉम्प्युटरचा आवाज बंद होता. ती कसली माती, कुठे मिळते, हे विचारायची चौबळांना गरज वाटली नाही. ते उठून आले ते थेट आमच्याकडे चहा प्यायला. "वहिनी, शाडू! आपली गणपतीची शाडू हो! आपलीच विद्या, त्यांनी उचलली आणि आपल्याला दाखवतायत."

आता सांगा, हे दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसाला सुचलं असतं? पेणच्या शेजारी राहायचं, दरवर्षी शाडूचा गणपती बसवायचा, आणि मऊ ओली माती दिसली की ती शाडूच, हे ठरलेलं. गणपतीच्या कारखान्यातून उरलेल्या शाडूची पिशवी त्यांनी आणूनही ठेवली होती.

शनिवारी आपटेकर पनवेलच्या दिशेने चालत निघाले आणि चौबळ कामाला लागले. शाडू भिजवली, मळली, मोठा लाडू केला आणि टपापासून सुरुवात केली. ठिपके निघत होते. तेच तर वाईट झालं. ठिपके निघताहेत म्हटल्यावर त्यांना आणखी चेव आला. टप, बॉनेट, चारी दारं, डिकी. सगळी गाडी राखाडी चिखलाने माखली.

गणेश जीप काढत होता, तो थांबला. "काका, मातीन रेती असतं. बारीक असतं पन असतं."

"अरे, गणपतीच्या गालाला चालते ती, गाडीला चालणार नाही?"

"मूर्तीला पालिश पेपर मारतात काका, मंग रंग लावतात," गणेश म्हणाला. चौबळांनी पाठ फिरवली.

अकराच्या सुमारास त्यांनी बादलीने पाणी ओतलं. ओली होती तोवर गाडी झकास दिसत होती. मग ऊन पडलं आणि ती वाळायला लागली. मी तांदूळ निवडत होते, ते तसेच राहिले. निळा रंग गेलाच म्हणा ना. टपापासून डिकीपर्यंत, घासघासून चरे पडलेल्या स्टीलच्या ताटासारखी पांढुरकी जाळी पसरली होती. एक बोट जागा सुटली नव्हती. चौबळांनी बॉनेटवर नख ठेवलं आणि फिरवलं. मग दारावर. मग पुन्हा बॉनेटवर. नख कुठेही अडत नव्हतं. गाडीभर फिरून आले आणि चाकाशेजारी जमिनीवर बसले.

मला वाटलं, आता तरी हा माणूस चुकलो म्हणेल. उन्हातून चालत आपटेकर आले, गाडीपाशी उभे राहिले. चौबळ उठले आणि म्हणाले, "कंपनीचा रंगच हलका होता."

आपटेकरांनी टपाकडे, मग काचेकडे पाहिलं. "शिंतोडे मात्र गेले," ते म्हणाले आणि जिना चढून गेले.

मला त्या क्षणी चौबळांची इतकी चीड आली की मी खिडकी लावून घेतली. गेला फोडणीचा धूर खड्ड्यात.

रविवारी डॉक्टर आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि चहाही न घेता परत गेले. मंगळवारी टॅक्सी आली तेव्हा सगळी सोसायटी खाली जमली होती. पाटीलबाईंनी एस्तेरबाईंची ओटी भरली, बायका रडल्या, मीही रडले. न बोलावता प्रत्येक बारशाला आणि बाराव्याला हजर असणारे चौबळ तेवढे आले नाहीत. आपटेकरांनी पहिल्या मजल्याच्या गॅलरीकडे वर पाहिलं. मग माझ्या हातात किल्ली आणि सह्या केलेले गाडीचे कागद दिले. "हे चौबळांना द्या. सांगा, नख अडत नाही. म्हणजे गॅरेजचं काम नाही."

हा टोमणा होता की माया, मला आजही ठरवता येत नाही. मी वर जाऊन निरोप दिला. दार बोटभर उघडलं, हात बाहेर आला, किल्ली घेतली. आतून आवाज आला, "रंगच हलका होता, वहिनी." दार बंद.

त्यानंतर चौबळांनी दुसऱ्याच्या गाडीला नख लावलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, पण डोकं खाणं बंद झालं नाही, फक्त एका गाडीपुरतं उरलं. आता त्यांनी रीतसर दुकानातून घासायचं मलम आणलं आणि वीतभर जागा घेऊन बसायचे. सकाळी घासायचं, संध्याकाळी पुसायचं. एक दार व्हायला पावसाळा गेला. बॉनेटला त्याहून जास्त. शनिवारी मात्र गाडीवर कापड असायचं आणि ते हात लावायचे नाहीत. मी एकदा टोचलंच, "चौबळ, तुम्ही कधीपासून शनिवार पाळायला लागलात?" ते म्हणाले, "मी नाही. गाडी पाळते."

गणेश दर महिन्याला सांगायचा, "काका, आठवड्यातून एकदा चालू तरी करा. मी करून देतो. नायतर इंजिन जाम होल." पण दुसऱ्याने आत बसायचं नाही. बॅटरी गेली, टायर बसले, तरी हे वरून घासताहेत. आतून कुजो, वरून चमको, असा आमच्या चौबळांचा एकूण कारभार.

आणि फोन! आपटेकर अधूनमधून फोन करायचे. चौबळांच्या घरात मोबाईलला रेंज नव्हती, म्हणून ते माझ्या खिडकीखाली उभं राहून ओरडायचे. "धावतेय हो, मस्त धावतेय! परवाच बेलपाड्यापर्यंत जाऊन आलो." ज्या गाडीचं चाक जागचं हललं नव्हतं तिला घेऊन हा माणूस बेलपाड्याला जाऊन यायचा. एकदा तर लोणावळ्याला गेला. मी कणीक तिंबता तिंबता कपाळावर हात मारून घेतला.

पाचेक वर्षांनी आपटेकर आले. एकटेच. एस्तेरबाई तिकडेच वारल्या होत्या. पुतण्याचं लग्न होतं, आणि आपट्याला वडिलांच्या कबरीवर जायचं होतं. फोन आल्यापासून आठवडाभर चौबळ पार्किंगमध्ये येरझारा घालत होते. खायला-प्यायला शुद्ध नव्हती. एरवी मी खूश झाले असते. खोटं बोलणाऱ्याची फजिती बघायला कोणाला आवडत नाही? पण त्यांचा चेहरा बघवत नव्हता. शेवटी मीच म्हटलं, "गणेशला बोलावू का? बॅटरी तरी बसवेल." नाही म्हणाले. आता काय उपयोग, म्हणाले.

रविवारी सकाळी आपटेकर रिक्षाने आले. वाळलेले, हातात काठी. चौबळांनी कापड ओढलं. मी माझ्या खिडकीतून पाहिलं, आणि एवढी वर्षं रोज बघूनही मला जे दिसलं नव्हतं ते दिसलं. गाडी पूर्ण झाली होती. कुठेही जाळी नव्हती. त्या गडद निळ्यात आमची बदामी इमारत उलटी दिसत होती, माझी खिडकीसुद्धा.

आपटेकरांनी बोट पुढे केलं आणि बॉनेटवरून नख फिरवलं. अगदी चौबळांसारखं, डोळे मिटून. मग म्हणाले, "वा. चला, आपट्याला जाऊन येऊ. मीच चालवतो."

चौबळांनी किल्ली दिली. द्यायलाच लागली. आपटेकर आत बसले, शेजारी चौबळ बसले, दारं उघडीच. किल्ली फिरली. काहीच झालं नाही, नुसतं खट् सुद्धा नाही. पुन्हा फिरवली. खाली बसलेल्या टायरांकडे आपटेकरांचं लक्ष आधीच गेलं असणार, हिशेबनीस माणूस. चौबळ समोर बघत होते. मग त्यांचे ओठ हलले आणि माझ्या कानावर जे पडलं ते मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं.

"मी माती केली, आपटेकर. रंग चांगला होता."

आपटेकरांनी किल्ली काढून खिशात ठेवली. "असू दे," ते म्हणाले. "आज शनिवार समजू."

मी कुकर लावला, शिट्ट्या झाल्या, भाजी झाली. मध्ये एकदा बाहेर पाहिलं तर दोघं तसेच बसलेले. आपटेकरांचे हात स्टिअरिंगवर होते. चौबळ पिवळ्या फडक्याने समोरची काच आतून पुसत होते, आणि आपटेकर मान थोडी वाकडी करून, स्वच्छ झालेल्या जागेतून पुढचा रस्ता बघत होते.